‘देवाच्या गौरवासाठी जगणं’ : नगरकडची थोडी पार्श्वभूमी

नोकरी, संसार, अभ्यास, सगळं हेतूने आणि देवाच्या गौरवासाठी करायचं, हे आजकाल प्रत्येक युथ कॅम्पमध्ये सांगतात, त्यावर वर्कशॉप घेतात, आणि पुष्कळ तरुणांना वाटतं की हे सगळं २००२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या रिक वॉरेनच्या ‘द पर्पज ड्रिव्हन लाइफ’ या चाळीस दिवसांत वाचायच्या पुस्तकापासून सुरू झालं. छे, आपल्याकडे मराठी ख्रिस्ती लोकांत हा वाद त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १ करिंथ १०:३१ (‘जे काही कराल ते देवाच्या गौरवासाठी करा’ हे बायबलमधलं वचन) सगळ्यांना पाठ असतं आणि युरोपातल्या धर्मसुधारणेचा धडा बायबल क्लासमध्ये होऊन गेलेला असतो, म्हणून ते सोडून देतो. एवढंच सांगतो की १६४७ साली लंडनला तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरांतला (धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतला) पहिलाच प्रश्न ‘माणसाचा मुख्य हेतू काय’ असा आहे, उत्तर देवाचं गौरव करणं, आणि १८३१ मध्ये नगरला येऊन मिशन सुरू करणारे अमेरिकन याच प्रश्नोत्तरांच्या परंपरेतले.

खेड्यात मात्र हा प्रश्न पाठांतराचा राहिला नाही. ख्रिस्ती झालेले बहुतेक महार-मांग समाजातले. मग मेलेलं ढोर ओढायचं का, येसकरकी (गावची राखण आणि निरोप पोचवण्याचं महाराकडचं काम) ठेवायची का, देवळापुढे वाजवायला जायचं का? नाही म्हटलं की बलुतं बंद आणि दारोदारची भाकरीही बंद. म्हणजे ‘रोजच्या कामात देवाचं गौरव’ म्हणायचं, पण रोजचं काम कुठलं हेच ठरेना.

आणि नेमक्या याच काळात १८५४ चा तो निर्णय झाला, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. त्या वर्षाच्या शेवटी बॉस्टनहून मिशनच्या वरिष्ठांचं शिष्टमंडळ आलं, नगरला बैठक झाली, आणि ठरलं की मिशनने इंग्रजी शाळा चालवायच्या नाहीत, पैसा आणि माणसं मराठीतून सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगण्यासाठी आणि गावोगावच्या छोट्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, उभ्या करण्यासाठी लावायची, त्या मंडळ्यांवर मराठी पाळक नेमायचे. मराठी पाळकांचा भाग चांगलाच होता, ते मान्य. गावातली माणसं आपल्या भाषेत प्रार्थना करायला, भजन म्हणायला लागली. पण या सगळ्यामागची समजूत अशी की सुवार्ता सांगणं हेच खरं काम आणि शाळा, धंदा, शेती ही फार तर त्याची साधनं, आणि माझ्या मते नुकसान इथेच झालं, कारण जातीचं काम सोडलेल्या माणसाला मानाची वाट एकच उरली, मिशनच्या पगारावर प्रचारक, मास्तर किंवा बायबलबाई (घरोघरी बायबल सांगणारी बाई) होणं. आजही चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सांगताना, ‘जॉब सोडला आणि प्रभूच्या सेवेत आलो’ असं म्हटलं की टाळ्या पडतात, आणि एसटीत कंडक्टर असलेला मंडळीचा सभासद मागच्या बाकावर गप्प बसून असतो. इंग्रजी शाळा काही दशकांनी परत सुरू झाल्या, पण ही सवय काही गेली नाही.

चित्र थोडं बदललं ते दुष्काळांनी. १८७६-७७ आणि मग १८९६ ते १९०० मधले दोन, पोरकी मुलं शेकड्यांनी आली, त्यांना नुसतं वचन शिकवून कसं भागणार! नगरला सुतारकाम, धातूकाम, गालिचे विणणं सुरू झालं. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तर विधवा आणि अनाथ मुली शेती करायच्या, कापड विणायच्या, छापखाना चालवायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल याच मुलींनी छपाईचे खिळे जुळवून छापलं, १९२४ ला ते पूर्ण बाहेर आलं, बाई १९२२ लाच गेल्या होत्या. देवाच्या गौरवाचं काम म्हणजे काय हे दाखवायला मला तरी शाई लागलेल्या त्या हातांपेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर मिशनच्या नोकऱ्या आटल्या, माणसं पुण्या-मुंबईला कारखान्यांत, दवाखान्यांत, सरकारी ऑफिसांत गेली. त्यात १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला, अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये असं चालतं, मुलाची फी आणि नोकरी दोन्ही जातीच्या दाखल्यावर अवलंबून असल्यावर त्यांना दोष तरी कुठल्या तोंडाने द्यायचा. आताच्या वर्कशॉपमध्ये ऑफिसात साक्ष कशी द्यावी, टॅलेंट कसं ओळखावं हे सगळं असतं, भरायला छापील फॉर्मसुद्धा देतात, पण शाळेच्या दाखल्यावरच्या धर्माच्या रकान्यात काय लिहायचं यावर एक सेशन झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.