खाडीतल्या मुशीच्या पिल्लांची गोष्ट : एक पार्श्वभूमी

ठाणे खाडीला कायद्याचं संरक्षण मिळालं ते झाडांमुळे आणि पक्ष्यांमुळे. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी केली, 2012 मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष उभा राहिला. ऑगस्ट 2015 मध्ये ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानची 1690 हेक्टर जागा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली, त्यातलं 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर पाणी. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. या सगळ्यात मुशी (शार्क) आणि पाकट (चपटे रे मासे) यांच्या पिल्लांचा विचार कुणी मुद्दाम केला नव्हता. त्यांना जो आडोसा मिळाला तो दुसऱ्यांच्या पुण्याईने.

नवी मुंबईच्या मासळी बाजारात वाट्यावर मिळणारी छोटी मुशी बहुतेक वेळा ‘स्कोलिओडॉन लॅटिकॉडस’ या जातीची असते. चपट्या, फावड्यासारख्या नाकाची, पूर्ण वाढली तरी जेमतेम दोन-अडीच फुटांची. तिला पिल्लू समजण्याची चूक सहज होते. खरं पिल्लू ओळखायचं तर ती उताणी करून छातीच्या दोन परांच्या मधोमध पाहावं. नुकतं जन्मलेलं असेल तर तिथे बारीक चीर दिसते, अजून न मिटलेली. ती नाळेची खूण. या मुशीचं अंडं अवघं मिलिमीटरभर असतं, त्यात पिवळा बलक जवळपास नसतोच. त्यामुळे गर्भाचं सगळं पोषण वारेतून (प्लॅसेंटातून) होतं, आणि शार्कमधली सर्वांत विकसित वार हिचीच मानली जाते. पाच-सहा महिन्यांनी 12 ते 15 सेंटिमीटरची पिल्लं बाहेर येतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून कोळीवाड्यात मुशीचं कालवण देतात, तेही शक्यतो लहान मुशीचंच.

पिल्लांसाठी वेगळी जागा असते, ही कल्पना शास्त्रात विसाव्या शतकात रुजली. 1967 मध्ये स्टुअर्ट स्प्रिंगर यांनी शार्कच्या वस्तीची मांडणी करताना प्रौढ आणि पिल्लं वेगवेगळ्या पाण्यात राहतात, असं दाखवलं. होसे कास्त्रो यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या बुल्स बे या उथळ खाडीचं पिल्लांची जागा म्हणून वर्णन केलं. बहामातल्या बिमिनी बेटांवर लेमन शार्कचं काम अनेक वर्षं चाललं. तिथे जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर वीण घालायला पुन्हा तिथेच येतात, हे 2014 मध्ये सिद्ध झालं. त्याच बेटांवर रिसॉर्टसाठी गाळ उपसल्यावर पहिल्या वर्षातली पिल्लं कमी जगू लागली होती. अंडी घालणाऱ्या स्केट माशांची कथा आणखी वेगळी. बेरिंग समुद्राच्या थंड तळाशी त्यांच्या चामड्यासारख्या अंडपिशव्या पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक ठिकाणीच साठत जातात आणि उबायला तीन वर्षांहून जास्त लागतात. आपल्या खाडीतली पाकटं मात्र जिवंत पिल्लं देतात.

जिथे चार पिल्लं सापडली तिथे ‘नर्सरी’ म्हणायची सवय पुढे इतकी वाढली की 2007 मध्ये ह्यूपेल, कार्लसन आणि सिम्पफेंडॉर्फर यांनी तीन अटी घातल्या : पिल्लं तिथे इतर जागांपेक्षा जास्त आढळावीत, ती तिथे बराच काळ राहावीत किंवा परत यावीत, आणि हे वर्षानुवर्षं घडावं. कसोटी चोख आहे, पण ती मोठ्या शार्कच्या अभ्यासातून आली. आपली छोटी मुशी प्रौढ झाल्यावरही किनाऱ्याजवळच राहते, त्यामुळे पिल्लांचं पाणी आणि आईचं पाणी वेगळं काढता येत नाही. म्हणून तिला जागेची गरज नाही, असा अर्थ काढणं मला घातक वाटतं. तिचं सगळं आयुष्यच या उथळ पाण्यावर टेकलेलं आहे.

भारतातल्या कायद्याने जागा न पाहता जाती पाहिल्या. जुलै 2001 मध्ये सर्व शार्क, पाकट आणि करवत मासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, घातले गेले. मच्छीमारांच्या विरोधानंतर डिसेंबरमध्ये ती यादी दहा जातींवर आली, त्यात बाजारातली छोटी मुशी नव्हती. 2013 मध्ये पर कापून धड समुद्रात फेकायला बंदी आली, 2015 मध्ये परांच्या निर्यातीला. पिल्लं वाढतात ते पाणी कोणतं, हा प्रश्न या प्रवासात मागेच राहिला.

तोवर खाडी बदलत होती. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आले, 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, 1973 मध्ये वाशीचा पहिला पूल झाला, 1989 मध्ये पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. मिठागरं आणि चिखलाच्या सपाट्या भरावाखाली गेल्या, सांडपाणी वाढलं. त्याची झळ आधी बसली ती दिवाळे, सारसोळे, वाशी गाव इथल्या कोळ्यांच्या जाळ्याला.

जून-जुलैच्या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीत यांत्रिक बोटी थांबतात. मुशीची वीण मात्र आपल्या पाण्यात जवळपास वर्षभर चालते, आणि डोल जाळ्याची (पाण्याच्या ओढीत लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची) शेवटाकडची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, इतकी बारीक असते की वितीएवढं पिल्लू त्यातून सुटत नाही. लांबी आणि नाळेची खूण बंदरावरच नोंदवायला मोजपट्टी आणि वही पुरते. दिवाळ्यापासून ऐरोलीपर्यंतच्या कोळ्यांना त्याचा मोबदला देऊन तीन-चार वर्षं अशी नोंद ठेवली, तर 2007 च्या तिन्ही अटी निदान तपासायला घेता येतील, आणि खाडीच्या व्यवस्थापन आराखड्यात मुशी-पाकटांसाठी स्वतंत्र कलम मागता येईल.