वाय-फाय आहे, कॉल मात्र लागत नाही : वाय-फाय कॉलिंगच्या रखडलेल्या सोयीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आणि मंगळवार पेठेत जे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या दगडी भिंती हात-दीड हात जाडीच्या आहेत. अशा वाड्याच्या माजघरात वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि क्रिकेटचे सामने न अडखळता चालतात, आणि त्याच वेळी त्याच फोनवर बाहेरून कोणी कॉल केला, तर ‘ही व्यक्ती सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे’ असे त्याला ऐकवले जाते. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तळघरात बसून काम करणाऱ्या कारागिराला, उद्यमनगरात पत्र्याच्या शेडखाली लेथ चालवणाऱ्याला आणि आजरा-गगनबावड्याकडच्या जांभ्याच्या घरात राहणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. ‘घरात रेंज येत नाही’ ही तक्रार मोबाइलइतकीच जुनी असली, तरी ‘घरात वाय-फाय असूनही कॉल का लागत नाही’ ही तक्रार गेल्या काही वर्षांतली आहे. तिचे मूळ लहरींच्या शास्त्रापेक्षा परवान्यांच्या भाषेत आणि कंपन्यांच्या आपसातील व्यवहारात अधिक सापडते.

मोबाइलचा कॉल वाय-फायवरून नेण्याची, म्हणजेच वाय-फाय कॉलिंगची, कल्पना स्मार्टफोनच्याही आधीची आहे. 2004 मध्ये तिचे पहिले तांत्रिक विनिर्देश आले, पुढच्या वर्षी जागतिक मानकांत त्यांना स्थान मिळाले आणि 2007 मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने घरच्या राउटरवरून मोबाइल कॉल करण्याची योजना प्रत्यक्ष बाजारात आणली. त्यासाठी खास बनावटीचा हँडसेट लागत असे. आज वापरात असलेली पद्धत त्यानंतरची, 4जीच्या मानकांबरोबर आलेली आहे. तिच्यात फोन इंटरनेटवरून कंपनीच्या गेटवेपर्यंत, म्हणजे तिच्या यंत्रणेच्या प्रवेशद्वारापर्यंत, एक सांकेतिक बोगदा तयार करतो, सिमवरच्या गुप्त किल्लीने आपली ओळख पटवतो आणि तेथून पुढे तो कॉल कंपनीच्या नेहमीच्या यंत्रणेतून जातो. 2014 च्या सप्टेंबरात आयफोनच्या नव्या प्रणालीत ही सोय आली आणि जगभरातल्या कंपन्यांवर तिचा दबाव वाढला. भारतात मात्र ती यायला आणखी पाच वर्षे जावी लागली.

ही पाच वर्षे कशात गेली, हे समजण्यासाठी ‘इंटरनेट टेलिफोनी’, म्हणजे इंटरनेटवरून फोन कॉल नेणे, या शब्दाजवळ थोडे थांबावे लागते, कारण सगळा गुंता त्या शब्दाभोवती आहे. 1 एप्रिल 2002 पासून आपल्याकडे इंटरनेट सेवा देणाऱ्यांना टेलिफोनीची मुभा मिळाली, पण ती अर्धवट होती. संगणकावरून संगणकाशी बोलता येत होते आणि संगणकावरून परदेशातल्या फोनवरही कॉल करता येत होता. देशातल्या साध्या फोनवर मात्र इंटरनेटवरून कॉल उतरवण्यास मनाई होती. म्हणजे राजारामपुरीतल्या सायबर कॅफेतून शिकागोतल्या भावाच्या घरी फोन लावता येत होता, पण इचलकरंजीतल्या मामांच्या घरी लावता येत नव्हता. 2008 मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) हे बंधन काढण्याची शिफारस केली. सरकारने ती अमलात आणली नाही.

पुढे दूरध्वनी आणि मोबाइल कंपन्यांच्या एकत्रित परवान्यात ‘इंटरनेट टेलिफोनी’ हा शब्द आला खरा, पण त्याचा अर्थ काय, हे परवान्यातून नेमके उलगडत नव्हते. ही सेवा देण्याचा कंपन्यांना असलेला हक्क त्यांच्या स्वतःच्या टॉवर-तारांच्या जाळ्याशी बांधलेला आहे की ग्राहक कोणाच्याही इंटरनेटवर असला तरी तो लागू होतो, हा खरा प्रश्न होता. घरात इंटरनेट गल्लीतल्या केबलवाल्याचे, सिम दुसऱ्याच कंपनीचे आणि कॉल लावायचा तिसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला, अशी आपल्याकडच्या बहुतेक घरांची स्थिती असते. जाळ्याशी बांधलेल्या अर्थाने पाहिले, तर या घरातून केलेला वाय-फाय कॉल परवान्याच्या चौकटीत बसतो की नाही, याविषयी शंका राहत होती.

24 ऑक्टोबर 2017 रोजी नियामकाने या गाठीवर बोट ठेवले. इंटरनेट टेलिफोनी ही सेवा ती वाहून नेणाऱ्या जाळ्यापासून सुटी मानावी, परवानाधारक कंपनीला ती कोणाच्याही इंटरनेटवरून देता यावी आणि त्यासाठी नेहमीचा मोबाइल क्रमांक वापरता यावा, असे त्या शिफारशींचे सार होते. इमारतींच्या आत सिग्नल पोहोचत नाही पण वाय-फाय असते, अशा ठिकाणी कॉल लागण्याचे प्रमाण वाढेल, हे कारणही त्यात दिलेले होते. आमच्या माजघराचा विचार सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे प्रथमच झाला, असे मला त्या शिफारशी वाचताना वाटले होते.

कंपन्यांचा विरोध होता आणि तो निव्वळ आडमुठेपणाचा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. लिलावात स्पेक्ट्रम घेण्यासाठी आणि टॉवर उभारण्यासाठी त्यांनी मोठी कर्जे काढली होती. दुसऱ्याच्या इंटरनेटवरून कॉल जाऊ लागले, तर या गुंतवणुकीचा परतावा कसा मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वेळी एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात उतरवण्याबद्दल द्यावयाच्या शुल्काचा वाद पेटलेला होता. 1 ऑक्टोबर 2017 पासून ते शुल्क मिनिटाला 14 पैशांवरून 6 पैशांवर आले होते आणि 1 जानेवारी 2020 पासून ते शून्य होणार होते. प्रत्यक्षात ते 1 जानेवारी 2021 रोजी शून्य झाले. ज्या कंपन्यांकडे बाहेरून येणारे कॉल जास्त, त्यांचे उत्पन्न या पैशांवर अवलंबून होते. वाय-फाय कॉलिंगचा प्रश्न या हिशेबात ओढला गेला आणि घरात फोन लागण्याची ग्राहकाची साधी गरज त्या भांडणात मागे पडली.

19 जून 2018 रोजी दूरसंचार विभागाने परवान्यात दुरुस्ती केली आणि जाळ्यापासून सुट्या इंटरनेट टेलिफोनीला मान्यता दिली. त्यानंतर महिन्याभरातच सरकारी दूरसंचार कंपनीने एक ॲप आणून वर्षाला 1,099 रुपयांत, सिमशिवाय, कोणत्याही इंटरनेटवरून देशभर कॉल करण्याची योजना जाहीर केली. येथे एक गैरसमज रुजला आणि तो आजही निघालेला नाही. ‘आता वाय-फायवरून कॉल’ असे मथळे आले, आणि लोकांनी ॲपवरचा कॉल, व्हॉट्सॲपचा कॉल आणि फोनच्या स्वतःच्या डायलरवरून जाणारा वाय-फाय कॉल हे तिन्ही एकच समजले. दुकानात ‘वाय-फाय कॉलिंग आहे का’ असे विचारले, तर ‘व्हॉट्सॲप आहे की’ असे उत्तर मिळते, ते यामुळेच. व्हॉट्सॲपवर दोन्हीकडे तेच ॲप लागते. त्यावरून बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकाला, लँडलाइनला किंवा 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावता येत नाही. आपला नेहमीचा क्रमांक घरात बसून वाजावा, समोरच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी वाजावा, ही वाय-फाय कॉलिंगची खरी उपयुक्तता आहे. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईच्या हातात असा साधा फोन असतो, तेव्हा हा फरक किती मोठा आहे, हे शहरात राहणाऱ्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

डायलरमधले, म्हणजे फोनच्या नेहमीच्या क्रमांक लावण्याच्या पडद्यावरचे, खरे वाय-फाय कॉलिंग डिसेंबर 2019 मध्ये आले. एका खासगी कंपनीने ते आधी दिल्ली परिसरात, मोजक्या हँडसेटवर आणि आरंभी केवळ स्वतःच्याच फायबर जोडणीवर सुरू केले. जाळ्यापासून सुटी सेवा देण्याची मोकळीक नुकतीच मिळाली असताना ती पुन्हा आपल्याच जाळ्याला बांधण्याचा हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. पुढे ते बंधन सैल झाले. जानेवारी 2020 मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीने कोणत्याही वाय-फायवर, देशभर आणि दीडशेहून अधिक हँडसेटवर तीच सोय दिली. तिसऱ्या खासगी कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये आरंभ केला, तो कोलकाता आणि महाराष्ट्र-गोवा या दोन दूरसंचार परिमंडळांतून. कोल्हापूर याच परिमंडळात मोडत असल्यामुळे त्या कंपनीच्या येथील ग्राहकांना ही सोय देशात सर्वांत आधी खुली झाली. तरीही ही सोय चालणाऱ्या फोनच्या तिच्या यादीत आपला हँडसेट नाही, हे कळल्यावर अनेकांचा हिरमोड झाला.

ही यादीच सध्याच्या नाराजीचे मूळ आहे. वाय-फाय कॉलिंगसाठी लागणारे सामान बहुतेक 4जी फोनमध्ये असतेच. पण प्रत्येक फोनमध्ये कंपनीनिहाय व्यवस्थांची एक फाइल असते. फोन सिमवरचा देश-संकेत (भारतासाठी 404 किंवा 405) आणि कंपनीचा संकेत वाचतो, त्या फाइलमध्ये पाहतो आणि तेथे परवानगी नसली, तर सेटिंगमधले वाय-फाय कॉलिंगचे बटण दाखवतच नाही. ही परवानगी फाइलमध्ये येण्यासाठी सेवा कंपनीने त्या मॉडेलची चाचणी घ्यावी लागते आणि फोन बनवणाऱ्याने अपडेट पाठवावे लागते. खपणाऱ्या महागड्या मॉडेलांसाठी दोघेही हे तत्परतेने करतात. आठ-दहा हजारांच्या, वर्षभरात दुकानातून हद्दपार होणाऱ्या मॉडेलसाठी ते करण्याची निकड कोणालाच वाटत नाही. दुबईहून पाहुण्यांनी आणलेल्या फोनमध्ये तर त्या देशाची प्रणाली असते आणि तिच्यात आपल्याकडच्या कंपन्यांची व्यवस्था असेलच असे नाही.

आमच्याच घरात एकाच कंपनीची दोन सिमे, एकच राउटर आणि दोन फोन आहेत. एका फोनवर, कॉल चालू असताना, वरच्या पट्टीत वाय-फायचे लहान चिन्ह उमटते. दुसऱ्या फोनवर ते बटणच नाही, म्हणून तो वाजावा यासाठी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच्या कोनाड्यात, खिडकीला टेकवून ठेवावा लागतो. सेवा कंपनीच्या ग्राहक केंद्रात विचारले, तेव्हा ‘फोन बनवणाऱ्यांना विचारा’ असे सांगण्यात आले. फोन कंपनीच्या केंद्रात विचारले, तेव्हा ‘हे सिम कंपनीच्या हातात आहे’ असे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत आणि ग्राहकाने कोणाकडे दाद मागावी, हे दोन्हींतून कळत नाही. फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि बॅटरीची क्षमता ठळक अक्षरांत असते. कोणत्या कंपनीच्या सिमवर वाय-फाय कॉलिंग चालेल, हे छापलेले माझ्या पाहण्यात नाही.

बटण असले तरी अडचणी संपत नाहीत. फोन आणि गेटवे यांमधला बोगदा इंटरनेटच्या 500 आणि 4500 या दोन द्वारांमधून (पोर्ट) उघडतो. अनेक कचेऱ्या आणि वसतिगृहे यांच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेत, ही द्वारे बंद ठेवलेली असतात. तेथे बटण चालू दिसते, पण कॉल मात्र टॉवरच शोधत राहतो. बोलता बोलता माणूस माजघरातून अंगणात आला, की कॉल वाय-फायवरून टॉवरवर सरकावा अशी अपेक्षा असते. तसे होण्यासाठी बाहेर 4जीवर कॉल नेण्याची व्यवस्था हवी. डोंगराळ भागात जेथे केवळ 2जी पोहोचते, तेथे उंबरठा ओलांडताच कॉल तुटतो. ओटीपीचे दुखणे तर वेगळेच आहे. वाय-फायवरून बोलणे होते म्हणून संदेशही येईल असे नाही, कारण एसएमएससाठी कंपनीला आणि फोनला स्वतंत्र व्यवस्था जुळवावी लागते. ती जुळलेली नसेल, तर बँकेचा ओटीपी माणूस गच्चीवर जाईपर्यंत वाट पाहतो आणि तोवर त्याची मुदत संपलेली असते.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली आणि शहर दिवसेंदिवस पाण्याने वेढलेले राहिले, तेव्हा ही सोय देशात आलेलीच नव्हती. जुलै 2021 च्या पुरात ती होती. वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो, त्यामुळे तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, हे खरेच आहे. पण टॉवर डिझेलअभावी थांबला आहे, घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू आहे आणि केबल शाबूत आहे, अशा स्थितीत ज्याच्या फोनमध्ये ते बटण आहे त्याचाच क्रमांक वाजू शकतो. म्हणून हा विषय सुखसोयींच्या यादीत टाकला जातो, ते मला अयोग्य वाटते.

2018 मध्ये इंटरनेट टेलिफोनीत सर्वांच्या पुढे असलेली सरकारी कंपनी डायलरमधल्या वाय-फाय कॉलिंगमध्ये मात्र सर्वांच्या मागे राहिली, कारण त्यासाठी लागणारे 4जी तिच्याकडे देशभर नव्हते. 27 सप्टेंबर 2025 रोजी सुमारे 97,500 टॉवरांसह तिचे स्वदेशी 4जी जाळे औपचारिकरीत्या सुरू झाले आणि 2026 च्या आरंभी तिने वाय-फाय कॉलिंग देशभर खुले केल्याचे जाहीर केले. सह्याद्रीच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर अनेकांकडे याच कंपनीचे सिम आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न आता तोच आहे, जो पेठेतल्या ग्राहकापुढे 2020 पासून होता : कंपनीने दार उघडले, पण हातातल्या फोनच्या फाइलमध्ये त्या सिमचे नाव आले आहे का? ज्यांच्या फोनला अपडेट येणेच थांबले आहे, त्यांना ते नाव दिसण्यासाठी नवा फोन घेण्यावाचून दुसरा मार्ग सध्या उरलेला नाही.