व्हिनिअर की कॅप? त्याआधी रंगाचं ठरवा

पुढच्या दातांसाठी आलेले पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "डॉक्टर, व्हिनिअर करू की कॅप?" याचं उत्तर दात पाहिला की बहुतेक वेळा लगेच देता येतं. व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचं पोर्सेलिनचं पातळ आवरण, आणि कॅप म्हणजे अख्ख्या दातावर बसणारी टोपी. दात मजबूत आहे, पण रंग, फट किंवा कोपऱ्याचा टवका खटकतो, तर व्हिनिअर. त्यासाठी दाताची पुढची बाजू साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. अर्धा तुटलेला किंवा रूट कॅनाल होऊन पोकळ झालेला दात असेल तर कॅप, आणि तिच्यासाठी दात चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटर कमी होतो. घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचा वरचा कठीण थर, पुन्हा येत नाही. म्हणून धडधाकट दाताला कॅप मागितली तर आम्ही नाही म्हणतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर आधीच सांगा, सोबत नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कव्हर, लागेल.

आता खरा घोळ कुठे होतो ते सांगतो. पोर्सेलिनवर ब्लीचिंग चालत नाही. वरचे सहा दात करून घेतात, महिन्याने म्हणतात, "बाकीचे आता पांढरे करून द्या." बाकीचे उजळतात, ते सहा तसेच राहतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून आधी सफाई, मग ब्लीचिंग, मग किमान दोन आठवडे थांबायचं आणि नंतर शेड, म्हणजे नव्या दातांचा रंग, ठरवायची. मधल्या दिवसांत रंग थोडा खाली येऊन स्थिरावतो. शिवाय ब्लीचिंगनंतर लगेच व्हिनिअर चिकटवलं तर ते नीट धरत नाही. घरात लग्न असेल तर पत्रिका छापायला टाकाल तेव्हाच या, हळदीच्या आठवड्यात नको.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्याने दातांवर डाग पडलेले बरेचजण थेट व्हिनिअरच मागतात. डाग हलके असतील तर पॉलिशिंग आणि ब्लीचिंगवरही भागतं. आम्ही आधी तेच करून बघतो.

शेडच्या पट्टीवर सोळा रंग असतात, आणि बोट मात्र नेहमी सर्वांत पांढऱ्यावर जातं. बेसिनसारखे दात चेहऱ्यावर उठून दिसतात, पण चांगले दिसत नाहीत. तरी दात तुमचे, निवड तुमची. चिकटवण्याआधी आम्ही व्हिनिअर नुसते लावून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तेव्हा "छान आहे" म्हणून मान डोलावतात आणि घरी गेल्यावर आत्या म्हणते, "जरा पिवळेच वाटतायत गं." एकदा चिकटवलेलं व्हिनिअर सोडवता येत नाही, कापूनच काढावं लागतं, आणि लॅबचा खर्च नव्याने येतो. म्हणून रंग पसंत असल्याची सही घेतो. काहींना त्याचा राग येतो, पण सही घ्यायला लागल्यापासून वादही थांबले आहेत.

शेडची वेळ आम्ही सकाळी ११ ते दुपारी ४ एवढीच देतो, कारण रंग खिडकीच्या उजेडात बघायचा असतो, ट्यूबलाइटखाली नाही. लिपस्टिक लावू नका. आणि आत्यांना सोबतच आणा.