ताप उतरला, पण धमनी फुगतेय

पावसाळ्यात कोल्हापुरात तापानं फणफणलेल्या पोरांना तोटा नसतो. राजारामपुरीतल्या दवाखान्यांपासून सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीपर्यंत गर्दी. बहुतेक ताप विषाणूंचे, तीन-चार दिवसांत उतरणारे. पण पाच वर्षांच्या आतलं मूल पाचव्या दिवशीही तापलेलंच असेल, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, हातापायांना सूज, अंगावर पुरळ, तर ‘गोवर असंल, निघू दे अंगावर’ हा आजीचा सल्ला बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना गाठावं. हा कावासाकी आजार असू शकतो.

टोकियोतले डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी 1961 मध्ये चार वर्षांच्या एका मुलात ही लक्षणं पाहिली आणि 1967 मध्ये अशा 50 मुलांची नोंद प्रसिद्ध केली. मूळ कारण अजूनही सापडलेलं नाही. प्रतिकारशक्ती बिथरते, धमन्यांच्या भिंती सुजतात, आणि सगळ्यात जास्त झळ बसते ती हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांना. भिंतीतले लवचीक तंतू तुटले की ती जागा सायकलच्या झिजलेल्या ट्यूबसारखी फुगते. एवढ्याशा पोराची ही धमनी जेमतेम 2-3 मिलिमीटर रुंद. फुगवटा 8 मिलिमीटरवर गेला की तो महाकाय समजतात. तो फुटेल ही भीती सगळ्यांना वाटते, पण तसं क्वचितच घडतं. खरा धोका आत रक्त संथावून गुठळी होण्याचा, म्हणजे चिमुरड्याला हार्ट अटॅक येण्याचा.

आपल्याकडे एक खूण हाताशी असते. बाळाच्या डाव्या दंडावरचा बीसीजी लसीचा जुना वण अचानक लाल होऊन सुजतो. न्हाऊ घालणाऱ्या आईला तो डॉक्टरांच्या आधी दिसतो. सहा महिन्यांखालच्या बाळात बाकी लक्षणं अर्धवटच असतात आणि फुगवट्याचा धोका मात्र जास्त, म्हणून हे आवर्जून सांगावं.

उपचार आहे: इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीज, वजनाच्या दर किलोला 2 ग्रॅम, सलाईनसारखं शिरेतून. महाग आहे, पण ताप आल्यापासून दहा दिवसांत दिलं तर फुगवट्याचं प्रमाण 25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांच्या आसपास येतं. जोडीला अॅस्पिरिन, तेही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली.

घात होतो तो इथं. औषध न देताही ताप कधीतरी उतरतोच, बोटांच्या टोकांची साल निघते, घरचे निर्धास्त होतात. धमनी फुगते ती नेमकी त्याच दिवसांत. म्हणून पहिला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आला तरी एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांच्या सुमारास करायचा, मूल कितीही हुंदडत असलं तरी. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-रुबेलाची लस साधारण 11 महिने पुढे ढकलतात, तेव्हा डिस्चार्ज कार्ड आशाताईंनाही दाखवून ठेवा.