बालसंगोपन योजना : अर्ज कोणासाठी, कुठे आणि कोणत्या कागदांवर

आई-वडिलांपैकी एकच हयात असेल, तरी मूल या योजनेत बसू शकतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ‘आई आहे ना, मग पोर अनाथ कसं?’ असं गावातच कोणीतरी सांगतं आणि अर्ज भरलाच जात नाही.

योजनेचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. मूल संस्थेत न जाता घरीच, आई, आजी, मामा यांच्याकडे वाढावं, यासाठी वयाच्या १८ वर्षांपर्यंत मदत मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम महिना १,१०० वरून २,२५० रुपये झाली. अनाथ, एक पालक गमावलेली, आई-वडील विभक्त झालेली, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, अशा घरांतली मुलं पात्र ठरू शकतात.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. सोबत मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, फोटो आणि पालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला.

घोडं अडतं ते बहुतेकदा या शेवटच्या कागदावर. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेला माणूस परमुलखातच वारला की ही नोंद राहून जाते. नोंद मृत्यू झाला तिथल्याच जन्म-मृत्यू निबंधकाकडे होते, राहत्या गावी नाही. वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून बाकीचे कागद नंतर, आधी हा दाखला मिळवा.

पुढे गृहभेट होते. घरी कोण कमावतं, मूल शाळेत जातं का, हे पाहून अहवाल तयार होतो. भेटीसाठी घर आवरून ठेवायची गरज नाही, आहे तसंच दिसू द्या. मंजुरीचा आदेश बाल कल्याण समिती देते. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीपुढे मुलाला घेऊन बोलावलं जातं. त्या दिवशी मूळ कागद बरोबर ठेवा.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखालीही प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी मदत मिळते, महिना ४,००० रुपये. तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० आहे. आपल्या मुलाला यातलं कोणतं लागू पडेल, हे बाल संरक्षण कक्षातच विचारा. एजंटाला पैसे देऊ नका; अर्जाला फी नाही. चौकशीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.