चपटी चोच आणि ‘म्हणून’ हा शब्द
सहकुटुंब निसर्ग-मेळाव्यांत चोचींचा खेळ बहुधा असतोच. मुलांच्या हाती चिमटा, गाळणी, ड्रॉपर अशी साधने देतात, समोर दाणे आणि पाण्यात तरंगणारे तुकडे ठेवतात, आणि कशाने काय सहज उचलता येते हे मूल काही मिनिटांत स्वतःच शोधते. बदकाच्या चोचीच्या कडांवर बारीक पट्ट्या असतात, त्यांतून पाणी निथळते आणि खाद्य आत राहते, हे गाळणी हाताळलेल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अडचण पुढे येते, आणि ती मोठ्यांच्या बोलण्यातून येते. ‘बदकाला पाण्यातले खायचे होते, म्हणून त्याची चोच चपटी झाली,’ असे आपण सहज बोलून जातो. या ‘म्हणून’मुळे मुलाला वाटते की प्राण्याला गरज भासली आणि त्याचे शरीर बदलले. प्रत्यक्षात एकाच जातीच्या पक्ष्यांत चोचीचा आकार मुळातच थोडा कमीअधिक असतो. ज्यांना त्या परिस्थितीत अन्न मिळते ते तगतात आणि त्यांच्या चोचीची ठेवण पिल्लांकडे जाते; यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहामधील डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर १९७७ साली दुष्काळ पडला, तेव्हा पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याच्या अभ्यासात हे प्रत्यक्ष मोजले गेले. लहान, मऊ बिया संपल्या, मोठ्या आणि कठीण उरल्या. तेथील बहुतेक फिंच (चिमणीएवढे, बिया खाणारे) पक्षी मेले, वाचलेल्यांत जाड चोचीचे अधिक होते, आणि पुढच्या पिढीची चोचही सरासरीने जाड निघाली.

हा दुष्काळ खेळात आणता येतो. सर्वांना चिमटेच द्यावेत, काही नाजूक, काही भक्कम. पहिल्या फेरीत बारीक दाणे ठेवावेत, नंतर फक्त मोठे आणि जड. ज्याला ठरलेल्या वेळेत पाच दाणे मिळाले नाहीत त्याने चिमटा परत करावा आणि तगलेल्या एखाद्याचे ‘पिल्लू’ होऊन, त्याच्यासारखाच चिमटा घेऊन, पुन्हा खेळावे. कोणतेही मूल बाहेर बसत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. चार फेऱ्यांनंतर चिमटे मोजले, की एकही चिमटा वाकलेला नसताना थवा मात्र बदललेला दिसतो.

हे लहान मुलांना झेपेल का? बोस्टन विद्यापीठाच्या डेबोरा केलेमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की चित्रांच्या आधारे टप्प्याटप्प्याने सांगितल्यास ५ ते ८ वर्षांच्या मुलांना नैसर्गिक निवडीचा गाभा कळतो. त्यामुळे पालकांनी प्रश्नच थोडा बदलावा: ‘उंटाला मदार का आली?’ असे न विचारता ‘मदारीतल्या चरबीचा उंटाला काय उपयोग होतो?’ असे विचारावे.