लाकडी डेकला स्टेन आणि सीलर लावणे

डेकला, म्हणजे घराबाहेरच्या उघड्या लाकडी ओट्याला, स्टेन लावणे म्हणजे त्याच्या फळ्यांना पातळ रंगीत द्रव पाजणं, आणि सील करणे म्हणजे त्याच फळ्यांत पाणी मुरू नये म्हणून मेण, तेल किंवा रेझिन (राळेसारखा चिकट पदार्थ) असलेलं काहीतरी जिरवणं. खरं तर ही दोन वेगळी कामं आहेत, पण आता बऱ्याच डब्यांत दोन्ही एकत्रच येतं त्यामुळे लोक सरसकट "डेकला स्टेन मारला" एवढंच म्हणून मोकळे होतात. इथे "पाजणं" हा शब्द मुद्दाम वापरलाय. ऑइल पेंट लाकडावर बसतो, स्टेन लाकडात जातो, निदान जायला हवा, आणि घरी केलेला डेक वर्षभरात खराब दिसायला लागला तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं की स्टेनला आत जायला जागाच नव्हती. फळी ओली होती, मळलेली होती, आधीच काहीतरी प्यायलेली होती, नाहीतर मारणाऱ्याने हौसेनं जास्तच ओतलं.

डेक हा शब्द जहाजावरून आलाय, मूळ डच, अर्थ आच्छादन किंवा छप्पर. लाकडी जहाजांचे डेक खलाशी समुद्राच्या पाण्यानं सतत धुवायचे, त्यात स्वच्छता होतीच पण फळ्या भिजून फुगलेल्या राहिल्या की सांधे घट्ट बसतात आणि खाली पाणी गळत नाही हाही हेतू होता. घराच्या डेकचं गणित बरोबर उलटं. इथे दोन फळ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवतात, पाणी खाली पडून जावं आणि फळी लवकर सुकावी म्हणून.

लाकूड तोडून कितीही वर्षं झाली तरी हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं थांबवत नाही. ओल घेतली की फळी रुंदीत फुगते, सुकली की आकसते, लांबीत मात्र जवळजवळ काही फरक पडत नाही. वरची बाजू उन्हात आणि खालची सावलीत, म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगानं हलणार, मग फळी कडेनं उचलली जाते, चिरा पडतात, खिळे वर येतात. ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, त्याच्या वर बराच काळ राहिली की कुजायची तयारी झाली समजा. दुसरा शत्रू ऊन. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ते अतिनील किरणांनी तुटतं, पावसात धुऊन जातं आणि मागे सैल करडे तंतू उरतात. तो करडा रंग काहींना आवडतो आणि तसाच ठेवायला हरकतही नाही. पण त्याच्यावर थेट स्टेन मारला तर स्टेन त्या सैल तंतूंना धरतो आणि ते तंतूच फळीला नीट धरून नसतात, मग टिकणार कसा.

सीलर क्लियर, म्हणजे बिनरंगाचा, असेल तर पाणी अडतं पण ऊन फारसं अडत नाही, म्हणून तो वर्षभरात परत मारावा लागतो. ऊन अडवते ती मुख्यतः स्टेनमधली रंगाची पूड, ती जितकी जास्त तितका टिकाऊपणा जास्त आणि लाकडाच्या रेषा तितक्या कमी दिसणार. सेमी-ट्रान्सपरंट (अर्धपारदर्शक) स्टेन साधारण दोन-तीन वर्षं जातो. सॉलिड, म्हणजे लाकूड पूर्ण झाकणारा, स्टेन अजून जास्त जातो पण तो दिसायला आणि वागायला पेंटच, वर पापुद्रा धरतो, आणि फळीत खालून ओल शिरली की त्याचे पोपडे निघतात. भिंतीला, रेलिंगला सॉलिड ठीक आहे कारण पाणी ओघळून जातं. पायाखालच्या आडव्या फळीवर पाणी साचतं, खुर्च्या सरकतात, तिथे सॉलिड लावणं म्हणजे पुढच्या वेळी खरवडायचं काम स्वतःच्याच डोक्यावर घेणं. तेलाचा की पाण्याचा हा वाद कधी संपत नाही. तेलाचा खोल जातो आणि पोपडे न धरता हळूहळू विटत जातो, पण जवसाचं तेल बुरशीला खाऊ म्हणून चालतं त्यामुळे बुरशीनाशक घातलेलाच घ्यावा. पाण्याचा अ‍ॅक्रिलिक लवकर वाळतो, वास कमी, रंग जास्त टिकतो, पण तो वरच्या वर राहण्याकडे झुकतो.

नवीन डेक असेल तर बरेच जण घाई करतात. प्रेशर ट्रीटेड पाइन म्हणजे दाबाखाली तांब्याच्या क्षारांचं पाणी भरलेलं लाकूड, ते नवीन असताना हाताला गार आणि जड लागतं, सुकायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात (ट्रीटमेंटनंतर भट्टीत सुकवलेलं असेल तर ही वाट बघावी लागत नाही). दुसरीकडे फार महिने उघडं ठेवलं तर ऊन वरचा थर बिघडवतं. म्हणून कॅलेंडर बघू नका, फळीला विचारा: चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाका, काही मिनिटांत जिरले तर फळी तयार आहे, मोत्यासारखे वर उभे राहिले तर एकतर ओल आहे किंवा जुना सीलर शिल्लक आहे. ओल मोजायचं पिनवालं मीटर असेल तर १५ टक्क्यांच्या खाली आकडा यायला हवा. इप्पेसारखं दगडासारखं घट्ट लाकूड कितीही सुकवलं तरी थोडंच पितं, त्याला एकच पातळ हात.

साफसफाईला झाडू आणि पाणी पुरत नाही. सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीचची पूड) पाण्यात कालवून फळ्यांवर ओतायचं, पंधराएक मिनिटं ओलं ठेवायचं, ताठ ब्रशनं घासायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं, शेवाळ आणि काळपटपणा यानं छान निघतो. घरातलं क्लोरीनचं ब्लीच बुरशी मारतं पण कडक वापरलं तर तंतू पांढरट, केसाळ करून ठेवतं. नंतर ऑक्सॅलिक अ‍ॅसिडचा हात दिला की क्लीनरचा अल्कली मारला जातो, रंग उजळतो, आणि खिळ्यांभोवतीचे काळे डाग (लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून शाईच तयार झालेली असते) जातात. हे अ‍ॅसिड विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घाला, आजूबाजूची झाडं आधी पाण्यानं भिजवून ठेवा. प्रेशर वॉशर चालवताना मजा येते हे मान्य, पण मऊ लाकडाला ५००-६०० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) पुरतं, नोझल रुंद फवाऱ्याचा आणि फळीपासून फूटभर लांब, नाहीतर मऊ भाग उकरला जाऊन फळीवर खवल्यांसारख्या रेघा उठतात आणि त्या सँडिंग करूनही सहज जात नाहीत.

धुतल्यावर दोन दिवस तरी सुकू द्या. वर आलेले खिळे ठोका किंवा स्क्रू लावा, मग ६० ते ८० नंबरचा सँडपेपर. त्याहून बारीक नको, टेबलाच्या सवयीनं लोक गुळगुळीत करायला जातात, छिद्रं बुजतात आणि स्टेन वरच राहतो. एक गंभीर गोष्ट. अमेरिकेत २००३ च्या शेवटापर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला सीसीए म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकचं मिश्रण सर्रास भरायचे. डेक त्या काळचा असेल तर सँडिंगच्या धुळीत आर्सेनिक असतं, सँडिंग टाळलेलंच बरं, आणि त्या फळ्यांचे तुकडे कधीही जाळू नयेत.

लावायचा दिवस ढगाळ, कोरडा, साधारण १० ते ३२ अंशांमधला, पुढचा एक-दोन दिवस पाऊस नाही असा. तापलेल्या फळीवर स्टेन आत जायच्या आधीच वाळतो. डबा नुसता हलवून भागत नाही, तळापासून काठीनं ढवळा आणि काम चालू असतानाही मधेमधे ढवळत रहा, पूड खाली बसते. एकाहून जास्त डबे असतील तर सगळे मोठ्या बादलीत एकत्र करा म्हणजे रंगात फरक पडत नाही. लिटरला साधारण चार ते सात चौरस मीटर धरा, खडबडीत जुन्या फळीला जास्त लागतं. आधी कोपऱ्यात ट्रायल घ्या. मग एका वेळी एक किंवा दोनच फळ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे कुठेही थांबायचं नाही. अर्ध्यात थांबून फोन घेतला की वाळलेल्या कडेवर ओला हात चढतो आणि तिथे गडद पट्टा कायमचा राहतो. रोलर, पंप, पॅड काहीही वापरा पण मागून ब्रश फिरवाच, आणि फळीची कापलेली टोकं विसरू नका, पाणी तिथून आडव्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगानं शिरतं. तेलाचा स्टेन पंधरा-वीस मिनिटांत जेवढा आत गेला तेवढा गेला, उरलेला फडक्यानं पुसून घ्यायचा. हे पुसणं लोकांच्या जीवावर येतं, पैसे पुसल्यासारखं वाटतं, पण न पुसलेलं तळं चिकट राहतं, चमकतं, त्यावर धूळ बसते. दुसरा हात डब्यावर सांगितला असेल आणि फळी पीत असेल तरच.

पुढच्या वेळी परत तीच थेंबांची परीक्षा, पायऱ्या आणि दाराजवळची वाट आधी नापास होते. सेमी-ट्रान्सपरंट विटलेला असेल तर धुऊन वरून एक हात पुरतो, सॉलिडचे पोपडे असतील तर स्ट्रिपर (जुना थर सुटा करणारं रसायन) लावून सगळं उतरवावं लागतं.

तेलाच्या स्टेनची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसासारखं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडून राहते आणि काही तासांत काडी न लावता फडकी पेटतात. बाहेर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२व्या मजल्यावर लाकडी पॅनेलचं काम करून ठेवलेली अशीच जवसाच्या तेलाची फडकी पेटली. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले, आग मजल्यामागून मजला खात वर गेली आणि थांबली ती ३०व्या मजल्यावर, तिथे स्प्रिंकलर (आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) होते म्हणून.